धवल्यातली ओळ

धसईला मनस्वीच्या भावाची हळद होती. सकुबाई धवलारीण मांडवात बसून धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गात घरातल्या एकेकाला त्यात ओवत होती. मनस्वीची पाळी आली तशी तिनं सूर धरूनच विचारलं, "तू काय शिकतेस गो?"

मनस्वीचा नंबर दोन्हीकडं लागला होता, शहरात चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगला आणि मुरबाडला दोन वर्षांच्या एएनएमला. लवकर कामाला लागायचं म्हणून तिनं एएनएमच ठरवलं होतं. तिला हे सारं समजावून सांगणारी गावच्या आरोग्य उपकेंद्राची दिशाताई, स्वतः एएनएम झालेली, तिला लागूनच बसली होती. पण समोर शहापूरची चुलती होती.

"बीएस्सी ना गो? का नुसती सुया टोचणारी?" चुलती हसली.

"बीएस्सीच," मनस्वी बोलून गेली. "सुया कोण टोचत बसणार!"

सकुबाईनं तशी ओळ गायली. बायांनी ती मागोमाग म्हटली. दिशाताईनंही म्हटली, खाली बघून.

मनस्वीचे कान तापले. ती सकुबाईजवळ वाकली. "आजी, ती ओळ काढून टाक ना. मी खोटं बोलले."

"देवापुढं गायलेलं काढता येत नाय, पोरी. पुढची ओळ दे."

"मुरबाडला एएनएम शिकणार," मनस्वी चुलतीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "दिशाताईसारखी."

सकुबाईनं तेही गाण्यात गुंफलं. बाया गायल्या. मनस्वी मान खाली घालून शेजारचा एकच आवाज शोधत राहिली. तो आला नाही.