फक्कीची खोली

"अण्णा, नव्या घरात माझी खोली कुठली?"

हा प्रश्न काही माझा नव्हता. वर्गातल्या विद्युल्लतेनं पैज लावली होती, "विनू, चारचौघांत विचारून दाखव, वाटीभर कुंदा खायला देते." शाळेच्या संमेलनात मिशा लावून कोतवाल झाल्यापासून मी भिते थोडीच कुणाला! विचारलं.

त्या रविवारी टिळकवाडीतल्या आमच्या जागेवर आखणी चालली होती. यल्लाप्पा गवंडी ताणलेल्या सुतळीवरून चुन्याची फक्की सोडत होता आणि मोकळ्या माळावर बघता बघता आमचं घर उमटत होतं. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं लांबलचक पडवी. सगळ्या नुसत्या पांढऱ्या रेघा.

अण्णा हसले. "तुझी खोली? ती तुझ्या सासरचे बांधतील की!"

यल्लाप्पा हसला, सुतळी धरलेला मष्णू हसला. मीही हसले, पैज तर जिंकलीच होती. पण कुंद्याची गोडी तिथंच गेली. निपाणीहून एक स्थळ आलं होतं, आणि तेव्हापासून "मॅट्रिक व्हायलाच पाहिजे का?" असं घरात हळू आवाजात चाललं होतं.

"आता हौसेचं बोला, अण्णासाहेब," यल्लाप्पा म्हणाला. "तुमच्या पैशात जास्तीचं एकच काय तर बसतंय. कमान करायची का सज्जा?"

अण्णांचं कधीच ठरलं होतं. "सोप्याच्या खिडक्यांना रंगीत काचा! कॅम्पातल्या चर्चला आहेत तशा. कचेरीतून यावं, खुर्चीत टेकावं, अंगावर लाल-निळं ऊन!" हे आईला सांगायला ते तरातरा निघाले.

आई स्वयंपाकघराच्या रेघांत उकिडवी बसून चुलीची जागा बघत होती. ती ओरडलीच, "अहो, भिंतीतून काय येताय? दार तिकडं आहे!"

"भिंत आहे कुठं?"

"रेघ ओढली की भिंत झाली. आमच्या माहेरी, खानापूरकडं, ओढलेली रेघ पुसतसुद्धा नाहीत. घराला लागतं ते."

एवढे कचेरीतले शिरस्तेदार, पण मुकाट्यानं मागं फिरून दारातून आले.

मी घमेल्याकडं बघितलं. तळाशी फक्की उरली होती. मूठ भरली आणि पडवीच्या टोकाला रेघ ओढायला लागले. वाकडीतिकडी आली, पण आली. दारापुरती जागा सोडली, त्यातून आत गेले आणि ऐटीत मांडी घालून बसले.

"हे काय गं?" अण्णांनी विचारलं.

"माझी खोली. अभ्यासाची."

"मष्णू, पुसून टाक रे ते."

मष्णूनं पाय उचलला, आईकडं बघितलं आणि तसाच मागं घेतला. "मी न्हाय बा. आक्कांनी आत्ताच सांगितलंय."

आई पदर खोचून आली. दारातूनच आली बरं का! चारी बाजूंनी बघितलं, माझ्याशेजारी बसली आणि यल्लाप्पाला म्हणाली, "खिडकी पूर्वेला काढा. पहाटे वाचायला बसते ही."

"अगं, तूसुद्धा?" अण्णांचा आवाज बारीक झाला. "भिंत वाढली, दार वाढलं. मग काचांचं काय?"

"काचा मग ऱ्हाऊन जातील, अण्णासाहेब," यल्लाप्पा म्हणाला. "दोन्ही न्हाय बसायचं."

आई जागची उठलीही नाही.

अण्णा सोप्यात जाऊन उभे राहिले, जिथं लाल-निळं ऊन पडणार होतं तिथंच, हात मागं बांधून. मला एकदम त्यांची कीव आली. पण रेघ पुसावी असं काही वाटलं नाही.

थोड्या वेळानं ते माझ्या दाराशी आले. रेघेच्या बाहेरच थांबले. "बांधू एक वेळ. पण वर्षभरात तू सासरी गेलीस, की तिथं गोवऱ्याच भरायच्या ना?"

मी उठले. परकराची फक्की झटकली.

"अण्णा, एखादी काच तेवढी सोप्यात बसवाच, तुमच्या खुर्चीसमोर. पण आई, अण्णा, दोघंही ऐका, माझं ठरलंय. निपाणीला कळवून टाका, मॅट्रिक झाल्याशिवाय मी ह्या खोलीतून हलणार नाही."