धमनीतला थोरला आणि शिरेतला मी

मी शिरेतला रक्ताचा थेंब बोलतोय. कोल्हापुरात सयाजीराव राहायचे, त्यांची धोंडुबाई राहायची, आणि सयाजीरावांच्या अंगात आम्ही दोघं भाऊ राहायचो. धमनीतला तो थोरला. लालभडक, श्वासातली ताजी हवा घेऊन ऐटीत निघायचा. ती वाटून झाली की काळपट तोंडानं माघारी फिरायचा तो मी, धाकटा.

सयाजीरावांनी शिरोलीच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, तोंडात बिडी धरूनच. धमन्या आतून दाटल्या. थोरला डाव्या पायात धड पोचेना. शंभर पावलांत पोटरी धरायची, अंगठ्याची जखम भरेना.

डॉक्टर आदिती म्हणाल्या, "तार घालून वाट मोकळी करते. पण बिडी चालू राहिली, तर ती परत बुजेल. मग पाय कापावा लागेल, काका."

"बिडी? सोडून दोन महिनं झालं की!"

आता काय सांगू! त्याच सकाळी बिडी ओढून हे गृहस्थ गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्याले होते. का, तर दुधानं रक्त धुऊन निघतं! दूध गेलं पोटात. धूर आमच्या मानगुटीवर तसाच.

धूर किती हे तपासायला डॉक्टरबाईंनी मनगटातून थोरल्याला काढलं, कोपरातून मला. म्हणाल्या, "धमनीतली सुई फार दुखते. शिरेतलं रक्तही धुराचं तेच सांगत असेल, तर पुढच्या रोग्यांची त्यातून सुटका होईल."

धोंडुबाईनं नळ्या पाहिल्या. "अगं बया, ह्यो काळा कुणाचा?"

"माझाच की गं!" सयाजीराव म्हणाले.

"तरीच!"

यंत्रानं ताज्या हवेचं विचारलं. थोरला भरभरून बोलला, मी नुसताच पुटपुटलो. बिडीच्या धुराचं विचारलं, तेव्हा मात्र दोघांची साक्ष एकच!

"काका, आज ओढलीत ना?"

"एकच वो! पर वर तांब्याभर दूध प्यालोय की!"

"दूध म्हशीचं हाय, साबण न्हाय!" धोंडुबाई कडाडली. मग हळूच म्हणाली, "पाय गेला तर मला एकटीला तुमास्नी उचलवायचं न्हाय वो."

दोन सुयांना न हललेला गडी तिथं हलला. खिशातलं बिडीचं बंडल त्यानं स्वतःच काढून तिच्या हातावर ठेवलं.

मी आता कित्येक महिने दवाखान्याच्या थंड पेटीत पडून आहे. काल शेजारी त्यांचाच नवा थेंब आला. धुराचा वासही नाही लेकाला! तुम्हीही आपल्या आतल्या भावंडांना असंच जपा, बाबांनो. नवा थेंब सांगत होता, वाट मोकळी झाली, जखम भरली. आणि परवा रंकाळ्यावर धोंडुबाई मागून हाका मारत होती, "अवो, जरा दमानं चाला की! आता माझं पाय दुखाय लागलं!"