सत्तरच्या खाली

तिने मांडीवरचा फोन पुन्हा उलटा करून पाहिला. चौऱ्याऐंशी. आकड्याशेजारी छोटा बाण, टोक खाली. पंधरा मिनिटांपूर्वी शहाण्णव होते.

"बाबा, तुम्ही खाल्लंत ना?"

"खाल्लं म्हटलं ना एकदा."

"काय खाल्लंत?"

"अगं, खाली कॅन्टीनमध्ये गेलो, चहा घेतला, बिस्किटं खाल्ली. आता काय जबानी लिहून घेणार आहेस?"

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या त्या लांबट खोलीत दहा-बारा माणसं भिंतीला लागून बसली होती. प्रत्येकाचं कुणी ना कुणी आत. आईला आठ वाजता नेलं होतं. हृदयाची झडप बदलायची होती. चार तास लागतील, थोडे जास्तही लागतील असं सांगितलं होतं. आता सव्वाअकरा झाले होते आणि वडील हातांची घडी घालून असे ताठ बसले होते, जणू फोटो काढायचाय.

त्यांची नोकरी कारखान्याच्या बॉयलरवर झाली. दाबाचा काटा, उष्णतेचा काटा, पाण्याची पातळी, ही सगळी मापयंत्रं बरोबर दाखवतात की नाही हे तपासायचं काम. तिथे त्यांना पाठीमागे 'काटासाहेब' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. यंत्र चुकत नाही, चुकतो तो बघणारा, हे वाक्य त्यांनी घरात इतक्यांदा ऐकवलं होतं की आई ते भाजीवाल्याच्या तराजूपुढेही म्हणून दाखवायची.

डाव्या दंडावरची ती चकतीसुद्धा त्यांनीच हौसेने बसवून घेतली होती. कोटाच्या बटणाएवढी. रक्तातली साखर मोजते आणि आकडा त्यांच्या फोनवर पाठवते, शिवाय मुलीच्याही. बसवली त्या दिवशी बाही वर करून त्यांनी सगळ्या घराला दाखवली होती.

"हे बघ. रोज बोटाला सुई टोचणं संपलं. हे तुझ्या देवाला सुचलं नाही, माणसाला सुचलं."

देवाचा विषय त्यांच्यापुढे काढणं तिने केव्हाच सोडलं होतं.

त्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी तिचा मुलगा तापाने असाच हॉस्पिटलमध्ये होता. ताप मेंदूत गेला होता. तेव्हा तिने नवस बोलून दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. वडील भेटायला आले, तिच्यापुढे गार झालेला चहा त्यांनी पाहिला आणि सासरची सगळी माणसं उभी असताना म्हणाले, "तू जेवली नाहीस म्हणून आत जंतू मरणार आहेत का?" कुणीतरी खुदकन हसलंही. मुलगा वाचला. वडिलांच्या मते इंजेक्शनांनी, तिच्या मते नवसाने, आणि आईच्या मते दोघांनीही छान केलं, आता हात धुऊन जेवायला बसा. पण ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं ते लागलंच.

फोन थरथरला. पंच्याहत्तर.

"बाबा, पंच्याहत्तर झालेत."

"मी भिंतीला टेकून बसलोय. चकतीवर दाब आला की कमी दाखवते. माहितीपत्रकात लिहिलंय."

"मग पुढे सरकून बसा."

ते पुढे सरकले. तिने स्वतः त्यांची बाही मोकळी केली. दंड ओलसर लागला. खोलीत एसी असा चालू होता की समोरच्या बाई शाल गुंडाळून बसल्या होत्या.

पाच मिनिटं दोघंही थिएटरच्या दाराकडे बघत राहिली. मग फोनने आपली ती कर्कश शिट्टी वाजवली आणि अख्ख्या खोलीने माना वळवल्या. एकोणसत्तर. सत्तरच्या खाली गेलं की शिट्टी वाजायची, ही सोयही वडिलांनीच लावून दिली होती.

"बंद कर ते," वडील पुटपुटले.

"बाबा, तुम्ही खरंच खाल्लंत?"

"मशीन आहे. चुकत असेल."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. सूर्य उशिरा उगवला असेल म्हणाले असते तर तिला एवढा धक्का बसला नसता. वडिलांनी नजर चुकवली आणि रुमालाने वरचा ओठ पुसला. रुमाल धरलेली बोटं कापत होती.

"मी सिस्टरना बोलावते."

"काही गरज नाही."

"घाम फुटलाय तुम्हाला!"

"तू सिस्टरला बोलावलंस तर मी उठून खाली निघून जाईन. तमाशा नकोय मला इथे, आज."

ते गेले असते. हट्टाला पेटले की या माणसापुढे आईनेही हात टेकलेले होते. आणि जिन्यावर तोल गेला असता तर? ती उठली. "बसून राहा. हलायचं नाही. मी साखर घेऊन येते," म्हणत ती धावतच जिना उतरली. पायऱ्यांवर तिला आठवलं की चकतीचा आकडा दहा-पंधरा मिनिटं मागे असतो. रक्तातला खरा आकडा आणखी खाली गेलेला असणार. हेही त्यांनीच शिकवलं होतं.

कॅन्टीनमध्ये गर्दी नव्हती. गल्ल्यामागे एक जाडशा बाई कपबशा पुसत होत्या.

"ताई, एका ग्लासात साखरेचं पाणी करून द्या ना, लवकर. चार-पाच चमचे साखर घाला. आणि एक बिस्किटाचा पुडा. वडिलांसाठी हवंय, वर बसलेत."

"पांढऱ्या शर्टातले आजोबा? चष्म्याला दोरी लावलेले?"

"हो. मघाशी चहा प्यायला आले होते ते."

बाईंनी साखरेचा डबा ओढता ओढता कोपऱ्यातल्या टेबलाकडे हनुवटी केली. "चहा घेतला, पण प्यायले कुठे? अर्धा तास नुसते कपापुढे बसून होते. मी म्हटलं, आजोबा, गार झाला, दुसरा देऊ का? तर म्हणाले, नको, माझं माणूस आत आहे."

कप अजून टेबलावरच होता, काठोकाठ भरलेला, वर जाड साय धरलेला. शेजारी बिस्किटाचा पुडा, न फोडलेला.

हा कप तिच्या ओळखीचा होता. असाच एक तिने सहा वर्षांपूर्वी आपल्यापुढे ठेवला होता.

आधी आला तो राग. इतका की ग्लास हातात घेताना पाणी हिंदकळलं. स्वतः लपूनछपून हेच करायचं आणि मला चारचौघांत हसं करायचं! त्या दिवसापासून तिने एकही उपास धरला नव्हता. प्रार्थनेला ती बसायची, पण हात जोडले की वडिलांचं वाक्य आधी ऐकू यायचं आणि मग पुढचं सगळं पोकळ वाटायचं. आज आई आत असताना ती सकाळी चार पोळ्या खाऊन आली होती. दिवस मोठा आहे, अंगात ताकद हवी, असं स्वतःला समजावत. चष्म्याच्या दुकानात ती भिंगं बसवायची; लोकांना स्पष्ट दिसेल ते बघणं हे तिचं काम. बापाचं तोंड मात्र तिला आज सकाळपासून नीट दिसलं नव्हतं.

वर आली तेव्हा वडील भिंतीला डोकं टेकून बसले होते. चेहरा मेणासारखा. फोनवर एकसष्ट. तिने ग्लास पुढे केला.

"घ्या."

"नको."

"कप बघून आले मी खाली."

त्यांनी डोळे मिटून घेतले. ते सहा वर्षांपूर्वीचं वाक्य तिच्या जिभेवर आलं. नुसतं टेकलं नाही, बाहेरही पडलं.

"बाबा, तुम्ही जेवला नाहीत म्हणून आत..."

वडिलांचा चेहरा असा आक्रसला की तिला पुढचे शब्द गिळावे लागले. ती त्यांच्यापुढे जमिनीवरच उकिडवी बसली आणि आवाज खाली आणला.

"सकाळची गोळी घेतलीत?"

"घेतली. तुझ्या आईने काल बजावलं होतं, गोळी चुकवायची नाही."

म्हणजे साखर उतरवायची गोळी पोटात आणि वर अन्नाचा कण नाही. आईचंही ऐकलं होतं आणि नवसाचंही, दोन्हीकडे चोख.

"कधीपासून उपाशी आहात?"

"काल संध्याकाळपासून." जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकत होते. "ती बाहेर येईपर्यंत पाणी चालेल. बाकी काही नाही. असं ठरवलंय."

"कुणाशी ठरवलंत?"

"ते मला काय माहीत!"

तिला हसू फुटेल की रडू, तिचं तिलाच कळेना. "बरं, पण आजारी माणसाला सूट असते. औषध म्हणून घेतलेलं खाण्यात धरत नाहीत."

"सूट मी मागितली नव्हती. अटी आधी ठरवायच्या. अर्ध्यावर बदलल्या तर कशाला काही अर्थ राहत नाही."

"हा काय तुमचा बॉयलर आहे?"

"मग काय आहे? तू सांग. तुला कळतं त्यातलं." त्यांनी डोळे उघडले. टोमणा नव्हता तो. सहा वर्षांत पहिल्यांदा ते तिला काहीतरी खरंच विचारत होते. "मी मधेच सोडलं आणि आत काही झालं, तर? मी काय समजू?"

एकोणसाठ. फोन पुन्हा किंचाळला. दाराशी बसलेल्या परिचारिकेने मान वर करून पाहिलं. मुलीने घाईने फोनचा आवाज बंद केला.

"सोडू नका," ती म्हणाली. "मला द्या."

"काय?"

"उरलेला उपास. ती बाहेर येईपर्यंतचा. मी धरते."

"असं देता येतं?"

"येतं." तिला काडीचीही खात्री नव्हती. असं कुणी केल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. पण तिने डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. "घरातल्या माणसाला देता येतं. फक्त मधे खंड पडता कामा नये."

वडील विचार करू लागले. त्या अवस्थेतही कपाळावर ती ओळखीची उभी आठी पडली.

"बॉयलरवर ड्यूटी सोपवायची पद्धत होती," ते सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाले. "बदली माणूस नुसता आला म्हणून भागत नाही. त्याने काटे बघायचे आणि तोंडाने म्हणायचं, घेतली. तो म्हणेपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही. मग त्याचं डोकं फुटत असो, घरी काहीही असो."

"बरं."

"मग म्हण."

खोलीतली माणसं आता उघडउघड बघत होती. सहा वर्षांपूर्वी तिला जे नको होतं तेच आज पुन्हा घडत होतं, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

"घेतली," ती म्हणाली.

"वेळ?"

"अकरा बावन्न."

त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. तो दातांवर आपटत होता, म्हणून तिने खालून आधार दिला. त्यांनी तो एका दमात संपवला. मग तिने पुडा फोडून बिस्किटं एकेक करून हातात दिली आणि त्यांनी ती निमूट खाल्ली, खाली मान घालून. पुडा अर्धा झाल्यावर सवयीने एक बिस्किट त्यांनी तिच्यापुढे धरलं. लगेच लक्षात आलं तसं हात मागे घेतला आणि पुड्याचं तोंड नीट दुमडून तो आपल्या खिशात ठेवला.

आकडा बराच वेळ अठ्ठावन्नवर चिकटून बसला. मग साठ. मग चौसष्ट, बाण आडवा. हळूहळू त्यांच्या ओठांवर रंग आला. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा घातला.

"आईला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"वर्षभर चिडवेल मला."

तिने मान हलवली.

बारा वाजून वीस मिनिटांनी थिएटरचं दार अर्धं उघडलं. हिरव्या टोपीतल्या सिस्टरने आईचं नाव घेतलं. आवाजावरून काहीच अंदाज लागेना. दोघंही एकदम उठली.

"ऑपरेशन संपलंय. डॉक्टरांना बोलायचंय. एकानेच आत या."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारातला माणूस कोण, हे विचारायची गरजही नव्हती. ती बाजूला झाली. वडिलांनी एक पाऊल टाकलं, दाराकडे बघितलं आणि बाकाच्या कडेला हात टेकून पुन्हा खाली बसले.

"बाबा, जा ना. पाय थरथरतायत का? मी धरते."

"पाय ठीक आहेत." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून ठेवले होते. "तू जा. ड्यूटी तुझी आहे."

तिने फोन त्यांच्या हातात दिला आणि दार ढकललं.