धप्प होऊ नये म्हणून

सबाने ॲम्प्लिफायरच्या बटणावर बोट ठेवले आणि खंडूमामांकडे पाहिले. ओट्यावर बसलेल्या मामांनी दोन्ही कान तळहातांनी घट्ट दाबून धरले होते. हळदीला जमलेल्या बायका हातातले काम टाकून तिच्याकडेच बघत होत्या. सबाचे बोट बटणावर तसेच थांबले.

"दाब की गं," मामांची बायको, बानूबाई म्हणाली. "भ्या वाटतंय का?"

"वाटतंय, मामी."

वाटणारच. सव्वा वर्षापूर्वी कुरकुंभच्या एका कंपनीत रसायनाची टाकी स्फोट होऊन फुटली, तेव्हा मामा पलीकडच्या शेडमध्ये होते. अंगावर ओरखडासुद्धा नाही, पण तेव्हापासून कुठे धप्प झाले की ते उठून पळत सुटत. गेल्या महिन्यात इथेच, पाटसला, एका बारशात कुणी व्हीसीडी प्लेअर लावला, स्पीकरमधून धप्प आवाज आला आणि मामा थेट हायवेवर. एसटीच्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला, म्हणून आज प्रगतीच्या हळदीला बाप होता.

"गाण्याबिगर हळद न्हाई करायची मी. पर धप्प झाला न्हाई पायजे," असे म्हणत बानूबाईने गाण्याचे सगळे सामान पोत्यात घालून दौंडला सबाच्या दुरुस्तीच्या दुकानात आणले होते.

दुखणे सबाला माहीत होते. प्लेअर चालू होताना आतल्या चिपचे व्होल्टेज शून्यावरून एकदम उडी मारते आणि ॲम्प्लिफायर ती उडी मोठी करून स्पीकरवर आदळतो. बंद होतानाही तेच. तिने स्पीकरच्या वायरीत रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, बसवला. सगळे स्थिर होईपर्यंत चार सेकंद स्पीकर तोडून ठेवायचा, मगच जोडायचा. लाइट गेली, तर आत उरलेली वीज सरण्याआधी रिले सुटून स्पीकर वेगळा झाला पाहिजे. आणि भारनियमनाच्या दिवसांत लाइट कधी जाईल याचा काय भरवसा? दोन दिवस तिने प्लग उपटून उपटून पाहिले होते.

तिने बटण दाबले. एक, दोन, तीन, चार. बारीकशी टिक झाली आणि सनई सुरू झाली. मामांनी कानांवरचे हात हळूहळू काढले. सबाचा जीव भांड्यात पडला. बायकांनी प्रगतीला पाटावर बसवले.

तिच्या गालाला हळद लागते न लागते तोच लाइट गेली. रिले सुटला. धप्प नाही, खरखर नाही, काहीच नाही. सगळ्याजणी श्वास रोखून मामांकडे बघत राहिल्या. जमलं, असे ओरडावेसे सबाला वाटले.

मामा उठले. चेहरा पांढराफटक. दोन ढांगांत पाटापाशी येऊन त्यांनी प्रगतीचे मनगट धरले आणि तिला ओढले.

"भाईर व्हा. समदी भाईर व्हा."

"अवो, धप्प झालाच न्हाई," बानूबाई आडवी येत म्हणाली.

"तवाबी आदी न्हाई झाला." मामांनी तिला बाजूला सारले. "आदी पंखं बंद पडलं. मोटर बंद पडली. समदं गप झालं. मंग फुटली. चल पोरी, अजून टाइम हाय."

सबाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बानूबाईच्या तोंडचे पाणी पळाले.

"सव्वा वरीस," ती पुटपुटली. "सव्वा वरीस मी घरात कुणाला मोठ्यानं बोलू दिलं न्हाई. परातीखाली फडकं घालून कणीक मळली."

फाटकापलीकडे हायवेवरून ट्रक धावत होते, आणि मामा प्रगतीला ओढत तिकडेच निघाले होते. बानूबाई गर्रकन वळून बायकांवर खेकसली.

"गप का बसलाय? बोला! काय बी बोला!"

मग एकीने कांद्याचा भाव सांगितला, दुसरीने सासूच्या गुडघ्यांचे गाऱ्हाणे काढले, आणि बघता बघता बारा-पंधरा जणी एकमेकींचे न ऐकता बोलू लागल्या. सबाही बोलत होती. दौंडचे स्टेशन, अब्बांचा दमा, तोंडाला येईल ते. फाटकापाशी मामांची पावले थांबली.

मनगट मात्र त्यांनी सोडले नाही. हिरव्या चुड्यातल्या दोन बांगड्या फुटून प्रगतीच्या हातातून रक्त येत होते. तिने हात सोडवून घेतला नाही. बापाच्या कानाशी तोंड नेऊन ती सांगत होती, उद्या वऱ्हाडाची गाडी किती वाजता येणार, पुढे कोण बसणार, मागे कोण, आणि त्यांनी कुठे बसायचे.