कानसेनाची बायको

शेजारीपाजारी त्याला कानसेन म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचंही. गाता येत नव्हतं, एकही वाद्य धड वाजवता येत नव्हतं. पण फ्रिजची घरघर, नळाची टपटप, लिफ्टच्या दाराची करकर असलं काहीबाही टिपून तो त्याचं संगीत करायचा. आवाजाचा तुकडा कापायचा, ताणायचा, त्याच्या शेपटीला त्याचंच डोकं जोडून तासन् तास फिरवत ठेवायचा. ते जुळतात तिथला सांधा कानाला कळता कामा नये, एवढा एकच धर्म त्यानं आयुष्यात पाळला.

हौस त्याची आणि जीव जायचा बायकोचा. बाहेरचा गोंगाट नको म्हणून खिडक्यांना फोम ठोकलेला, रेकॉर्डिंग चालू असलं की पंखा बंद, आणि ओट्याच्या वर कायमचा माईक. तिला शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. आणि तीच शिंक साहेबांना आवडली तर आत येऊन पुन्हा शिंकायचं! सुरुवातीला ती हसायची. पुढं पुढं चमचासुद्धा फडक्यावर ठेवायला लागली. बहिणीचा फोन आला की जिन्यात जायची. स्वतःच्याच घरात चोरासारखं वावरायचं, याचा तिला मनस्वी संताप यायचा.

बहीण दुसऱ्या गावात चष्म्याचं दुकान चालवायची. "ये निघून. काम आहे, राहायला खोली आहे. अजून कशाची वाट बघतेस?" ती म्हणाली. पण न सांगता जाणं हिच्या जिवावर आलं. त्यानं भांडावं, रडावं, जा म्हणावं, काहीही करावं; पण एकदा तिचं ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

एका सकाळी भांडी घासता घासता तिनं मन घट्ट केलं. तो हेडफोन लावून दारातच उभा होता. ती त्याच्याकडे वळली. "मला इथं राहायचं नाही," ती म्हणाली, आणि शेवटच्या शब्दालाच साबणाच्या हातातलं झाकण निसटून सिंकमध्ये पडलं.

त्यानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "ऐकलं मी. शनिवारी हॉलमध्ये माझा पहिला कार्यक्रम आहे, त्याला ये. तिथं कळेल तुला."

चारचौघांत का होईना, हा उत्तर देणार, असं तिला वाटलं. रविवारी येते, म्हणून तिनं बहिणीला कळवून टाकलं.

शनिवारी ती सासूबाईंच्या शेजारी, अगदी पहिल्या रांगेत बसली. दार लावलं, दिवे मंद केले. आधी नळ आला, मग फ्रिज. मग तिचा स्वतःचा आवाज, ताणून मऊ केलेला. "मला इथं राहायचं." जरा वेळ पाणी. "मला इथं राहायचं."

पुढच्या शब्दासाठी ती कान देऊन बसली. तो येईना. येणारच नव्हता. त्याच्यावर झाकण पडलं होतं, सांधा जुळत नव्हता, म्हणून कानसेनानं तो छाटून टाकला होता.

"किती जीव असेल गं हिचा घरावर!" मागच्या रांगेतली एक बाई कुजबुजली.

ती ताडकन उठली. "मला इथं राहायचं," स्पीकर म्हणाला. "नाही!" ती म्हणाली. पुन्हा तेच आलं, पुन्हा ती म्हणाली. तिसऱ्या वेळी तर किंचाळलीच. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या. नवऱ्याचा चेहरा उजळला; त्यानं तिचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून स्पीकरचा आवाज थोडा कमी केला आणि चालू दे, चालू दे, अशी खूण केली.

ती वळली. "सासूबाई, निदान तुम्ही तरी..."

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "मला कळलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्यांदा म्हणालीस तेव्हाच कळलं."

"मग सांगा ना त्यांना!"

"आज नको. इतकी वर्षं खपलाय तो या दिवसासाठी. खाली बस बघू, लोक बघतायत."

हात म्हातारा होता, पण मनगट सुटेना. ती बसली. मागच्या बाईनं पुढं वाकून तिचा खांदा थोपटला. "फार छान केलंत हं तुम्ही," ती म्हणाली.