जयवंताच्या हातचा पेढा

जयवंता तिशी ओलांडलेली बाई, पण सौंसरात तिला सगळे ‘पुंडलिकरावाची मुकी बहीण’ म्हणायचे. मुकी ती नव्हती. मोजकं बोलायची, तेही आपल्या कुत्र्याशी, भुऱ्याशी. मोटारीचा भोंगा वाजला की ती कान दाबून भिंतीवर डोकं आपटायची. मग भुऱ्या तिचा पदर ओढून तिला खाली बसवायचा आणि सगळं अंग तिच्या मांडीवर टाकायचा. तिचा श्वास ठिकाणावर येईस्तोवर हलायचा नाही. हे त्या कुत्र्याला तिच्या आईनं मरण्याआधी शिकवलं होतं. त्याच्याच भरवशावर जयवंता एकटी बाजारात जायची, गोदामात संत्री निवडायची.

पुतणी स्मिताला पाहायला पांढुर्ण्याचे पाहुणे आले, तेव्हा नेमका रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. जयवंता किंचाळत अंगणात आली. भुऱ्यानं तिला सगळ्यांसमोर खाली बसवलं.

“हे कोण व्हय?” मुलाच्या आईनं विचारलं.

“कामाची बाई हाय,” वहिनी प्रेमलता म्हणाली.

सख्खा भाऊ पुंडलिकराव सुपारी कातरत राहिला.

सोयरीक जमली. लग्नात जयवंताला मागच्या खोलीत कोंडायचं ठरलं.

“पण कुत्रं भुंकून मांडव डोक्यावर घेईन,” प्रेमलता नवऱ्याला म्हणाली.

“मंग कर काहीतरी. मले नको सांगू.”

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं उंदराचं औषध घातलेला पेढा जयवंताच्या हातावर ठेवला. “दे भुऱ्याले. तुह्या हातचंच खाते तो.”

जयवंता खूश झाली. तिनं तुकडे करून भरवले.

थोड्या वेळानं भुऱ्याचं अंग ताठ झालं, पाय झडू लागले, तोंडाला फेस आला. जयवंताला वाटलं, यालाही भोंग्याचा त्रास होऊन राहिला. तिनं त्याचे कान दाबले आणि आपलं अंग त्याच्यावर टाकलं. हळूहळू त्याचं झडणं थांबलं.

“झालं, झालं,” ती त्याला थोपटत म्हणाली. संध्याकाळी गड्यानं कुत्रं पोत्यात भरेपर्यंत ती तशीच, समाधानानं पडून होती.

दुसऱ्या दिवशी बँड सुरू झाला आणि मागच्या खोलीतून भिंतीवर धप्प धप्प आवाज येऊ लागला. बोहल्यावरच्या स्मितानं आईकडे पाहिलं. “आई, आत्या...”

“खाली पाह्य. नवरी हायेस तू.”

पुंडलिकरावानं बँडवाल्याला खूण केली. ढोल आणखी जोरात वाजू लागला.

वरात गेल्यावर प्रेमलतानं कडी काढली. भिंत लाल झाली होती. जयवंताच्या कपाळावर हळद दाबत ती म्हणाली, “चाल, जेवून घे. पाहुणे गेले.”