आत्याचं तूप बंद

कर्करोगाच्या पेशी चरबीवर पोसून शरीरभर पसरतात, असा एक शोधनिबंध मी तीनदा वाचला आणि केदारखेड्यात चतुराआत्याचं तूप-तेल बंद केलं. तिची केमो चालू होती आणि घरात जीवरसायनशास्त्राचा एम.एस्सी. मी एकटाच. भेटायला येणारे डिंकाचे लाडू आणत. मी त्यांना अंगणातच थांबवून चयापचय समजावून सांगे आणि डबे परत करी. हळूहळू माणसं यायची थांबली. हे मी प्रयोगाचं यश मानलं.

तिसऱ्या केमोला जालन्यात वजन केलं तर साडेचार किलो कमी. डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली. मी त्या निबंधाचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "इतक्या अशक्तपणात औषध झेपणार नाही. त्या शोधाचं माणसांच्या बाबतीत अजून नक्की ठरलेलं नाही. यांना पोटभर जेवू द्या, तुपासकट."

परतताना आत्याने विचारलं, "तुझा तो अभ्यास कुनावर केल्ता रे?"

"उंदरांवर."

"मंग त्यांचं वजन तरी करत व्हते का न्हाई?"

करत होते, दर दोन दिवसांनी. निबंधात त्याचा तक्ताही होता. आत्याला मात्र मी महिनाभरात एकदाही काट्यावर उभं केलं नव्हतं.

त्यानंतर आत्या जेवत गेली, मी नुसतं वजन लिहीत गेलो. तिसऱ्या आठवड्यात केमो झाली.